रेघेखालच्या गांवाची बखर

श्री. लेखणीस नमस्कार असो, शाईस नमस्कार असो, आणि जें लिहून मागाहून खोडलें त्यासही नमस्कार असो. कारण लिहिलेल्यास पुसणारे पुष्कळ, खोडलेल्याचा वाली कोणी नाहीं. शके सोळाशें बत्तीस, विकृतीनाम संवत्सर, ते सालीं कोणे एके राज्यांत जें वर्तलें तें येथें सांगितलें आहे. राज्याचें नांव विचारूं नये. ज्यास ओळखेल त्यास ओळखेल, आणि ज्यास न ओळखेल तो सुखी.

त्या राज्याचें दफ्तर मोठें नामांकित. दफ्तरांत मंडळी दोन प्रकारची, एक लिहिणारी आणि एक लिहिलेलें खालीं-वर करून पाहणारी, आणि राज्य आपणच चालवितों ऐसें दोघांचेंही मत होतें. या सर्वांवर भानजी गोपाळ चिटणीस होते. वय साठीस टेकलें, अंगानें काडी, जिभेनें तिखट, आणि कागदाचे कामीं इतके कडक कीं कोणा कारकुनाची ओळ तिरकी गेली तर त्यांस दुपारचें जेवण गोड लागूं नये. त्या दफ्तराची एक रीत होती, ती दुसरे राज्यीं नव्हती. दुसरीकडे शब्द चुकला कीं चाकूनें खरवडावा आणि वर नवा लिहावा, ऐसी चाल. येथें खरवडणें हा गुन्हा. शब्द चुकला किंवा हुकूम फिरला, तर त्यावर हिंगुळाची तांबडी रेघ ओढावी, खालचा शब्द स्वच्छ वाचतां यावा, आणि बदली शब्द असेल तर तो वरचे बाजूस काळ्या शाईनें लिहावा. मग राजेसाहेबांनीं कागद पाहावा; रेघ मान्य तर शिक्का करावा, अमान्य तर तीवर बोट ठेवून 'हें राहूं द्या' म्हणावें, म्हणजे खोडलेला शब्द पुन्हां उठून उभा राहावा. शिक्का होईतों रेघेखालचा शब्द धड जिवंत नव्हे आणि धड मेलाही नव्हे. शिक्का जाहल्यावर मात्र शुद्ध नक्कल होई, तींत रेघेखालचें गाळीत आणि वरचें घेत, आणि ती नक्कल दफ्तरीं राही. भानजींनीं या रीतीवर चाळीस वर्षें काढिलीं होतीं, आणि आपले हातची रेघ म्हणजे राजाचा शब्द, ऐसें ते मानीत. मानीत म्हणजे काय, लोकही मानीत.

भानजींस एकच लेक, बयाबाई. तिची आई लवकर गेली, म्हणून ती दफ्तराचे ओसरीवर शाईचे डाग अंगावर घेऊन वाढली, आणि पुढें घाटाखालीं निंबखोरी म्हणून गांव, तेथील कुलकर्णी केसो विश्वनाथ यांस दिली. जांवई मोठा सालस, बोलण्यास मऊ. लेक बोलण्यास मऊ नव्हे; ती बापावर गेली होती. निंबखोरीचे शेजारीं वरखोरी आणि शिळवणें हीं दोन गांवें. त्या वर्षीं डोंगरांत एक बंडवाला शिरला, आणि तिन्ही गांवच्या लोकांनीं भयानें म्हणा, दयेनें म्हणा, त्यास भाकर-पाणी दिलें. बंडवाला पुढें सांपडला आणि मारला गेला, परंतु राजेसाहेबांचा राग काहीं त्याजबरोबर मेला नाहीं. ते फौजेनिशीं घाटाखालीं उतरले, निंबखोरीचे माळावर डेरा दिला, आणि डेऱ्यांत भानजींस समोर बसवून हुकूम सांगितला तो ऐसा: 'मौजे निंबखोरी व वरखोरी व शिळवणें हे गांव जाळून बेचिराग करावे, हत्यार धरील ऐसा पुरुष ठेवूं नये.' पहिलेंच नांव लेकीचे गांवचें. पण हात थांबला नाहीं, आणि अक्षर बिघडलें नाहीं. राजाचे मुखांतून शब्द निघतो तेव्हां चिटणिसानें लिहावें, रडावयाचें तें घरीं जाऊन रडावें, ऐसी त्यांची शिकवण होती, आणि ती त्यांनींच दुसऱ्यांस दिलेली होती.

इतक्यांत राजधानीहून स्वार आला, राणीसाहेब प्रसूत जाहल्या, पुत्र जाहला. बारा वर्षें ज्याची वाट पाहिली तो पुत्र. डेऱ्यांत साखर वाटली, राजेसाहेब स्वतः उठून स्वारास भेटले, डोळ्यांस पाणी आलें. भानजींनीं वेळ साधिली आणि हात जोडून बोलिले, 'सरकार, ज्या मातीवर पाय असतां ही वार्ता कानीं आली, ती माती तरी जाळूं नये.' राजेसाहेब हंसून म्हणाले, 'तुझी लेक येथें दिली आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं ऐसें समजतोस काय? खोड.' भानजींनीं तेथेंच हिंगूळ खलला, निंबखोरी या नांवावर रेघ ओढिली, आणि राजेसाहेबांस दाखविली. शिक्का राजधानीस होता. तेव्हां शिक्का मागाहून व्हावयाचा, तोंवर हुकूम थांबावयाचा, ऐसें ठरलें. भानजी तसेच लेकीचे घरीं गेले आणि पानावर बसून ही गोष्ट तिला सांगितली. ती वाढतां वाढतां थांबली. म्हणाली, 'रेघ पडली म्हणजे नक्की ना, बाबा? शिक्का तर नाही झाला अजून.' भानजी म्हणाले, 'माझ्या हातची रेघ आहे. चाळीस वर्षांत एक परत फिरली नाहीं. तूं आपली भाजी वाढ.' मग तिनें वाढली, आणि जांवयानें सुटकेचा श्वास टाकिला, आणि त्या दिवशीं गांवांत घरोघर कळलें कीं चिटणिसांनीं आपल्या गांवाचें नांव खोडिलें.

फौज राजधानीस परतली. बारशाचे दिवशीं पुत्राचें नांव अभयराव ठेविलें, आणि राजेसाहेबांनीं भर सभेंत सांगितलें कीं ज्या गांवीं पुत्राची वार्ता कळली त्या निंबखोरीस आजपासून अभयपूर म्हणावें, आणि जुनें नांव राज्याच्या कोणत्याही कागदांत, नव्या वा जुन्या, दृष्टीस पडतां कामा नये. हुकूम तोंडानें सुटतो तेव्हां हलका असतो, दफ्तरांत उतरला कीं त्याचें वजन कळतें. रुमालांत बांधलेले कागद तीन कोठ्या भरून, कोणत्या कागदांत हें नांव असेल कोणास ठाऊक. सगळें वाचावयाचें तर कारकुनांच्या दोन पिढ्या खपाव्या. तेव्हां दरबारच्या वार्ता लिहिणारे वाकनीस रामाजी त्रिमळ, ज्यांस युक्ति सांगण्याचा शौक आणि ती निस्तरण्याचा कंटाळा, ते पुढें होऊन बोलिले, 'चिटाचें कापड छापणारे छिपी आणावे. त्यांस अक्षर येत नाहीं, परंतु शंभर हात कापडांत एक बुट्टा हुकला तर ते दुरून बोट ठेवितात. त्यांस निंबखोरी या नांवाचा आकार दाखवावा, तो आकार दिसेल तेथें त्यांनीं रेघ ओढावी आणि वर अभयपूर नांवाचा लांकडी ठसा मारावा. वाचतां येत नाहीं म्हणजे दरबारचें गुपितही बाहेर जाणार नाहीं.' राजेसाहेब प्रसन्न जाहले. मग छिप्यांचा नाईक सोनजी यास बोलाविलें, आणि त्यानें सभेंत सर्वांदेखत एक शंका काढिली, ती शहाण्यांपैकीं कोणास सुचली नव्हती. तो म्हणाला, 'सरकार, कागदांत आधीच तांबड्या रेघा हायेत. त्या रेघेखाली त्योच आकार घावला, तर धरायचा का सोडायचा?'

यावर मोठा वाद जाहला. रामाजी म्हणाले, 'सोडावा. खोडलेल्यास नवें नांव कशास? मेल्या माणसाचें बारसें कोणी करितो काय?' सभा हंसली. भानजींस मात्र हंसूं आलें नाहीं, कारण हें त्यांचे रीतीवर बोट होतें. ते म्हणाले, 'रामाजीपंत, खोडलेला म्हणजे मेलेला नव्हे. उद्यां राजेसाहेबांनीं एखादी रेघ अमान्य केली, तर जुनें नांव उठून उभें राहील, आणि मग कोणत्याही कागदांत दिसतां कामा नये या हुकमाचें काय? शिक्का होईतों रेघेखालचा शब्द हा शब्दच आहे. तोही शोधिला पाहिजे.' राजेसाहेबांनीं मान डोलाविली आणि म्हणाले, 'भानजी म्हणतो तें खरें.' मग भानजी सोनजीकडे वळून, जिंकल्याच्या भरांत, सर्वांस ऐकूं जाईल ऐसें बोलिले, 'रेघ पाहूं नका. शब्द पाहा.' सोनजीनें मुजरा केला. एक गोष्ट मात्र त्या सभेंत कोणीच विचारिली नाहीं. रेघेखालच्या नांवाचे जागीं नवें नांव आलें, तर त्या नव्यावरही रेघ यावी कीं न यावी? भानजींचे मतें यावी. जें काढून टाकावयाचें आहे तें नांव बदललें तरी काढूनच टाकावयाचें, आणि ही गोष्ट त्यांस इतकी उघड वाटली कीं बोलावी ऐसें मनांतही आलें नाहीं. सोनजीचे मतें नवा ठसा रेघेवर वरचे बाजूस मोकळा मारावयाचा, जैसा सगळीकडे मारावयाचा तैसाच. दोघेही मनांत निश्चिंत, आणि दोघांचें निश्चिंतपण निरनिराळें.

छिपी कामास लागले. दफ्तराचे अंगणांत ओळीनें बसले, गुडघ्यावर कागद, डाव्या हातीं आकाराची पट्टी, उजव्या हातीं हिंगूळ आणि ठसा, आणि तोंडानें गाणीं म्हणत. मोठे कसबी लोक, एकही जागा हुकली नाहीं. चौकीचे कागद जाहले, देवस्थानचे जाहले, शिकारीचे रमण्याचे जाहले, आणि मग थांबलेल्या कागदांचा रुमाल सुटला, आणि त्यांत तो हुकूम होता. छिप्यानें पाहिलें, आकार सांपडला, आणि त्यावर रेघ आधींच ओढलेली. त्यास बरें वाटलें कीं अर्धें काम कोणी करून ठेविलें आहे. त्यानें वर अभयपूर हा ठसा मारिला, फुंकर घालून वाळविला, आणि कागद पुढें सरकविला. आतां पाहावें, माफीची रेघ आणि नांव बदलल्याची रेघ, दोन्ही एकाच हिंगुळाच्या, एकाच लांबीच्या, दोन्हींवर तोच ठसा. ब्रह्मदेव आला असता तरी त्यास निराळ्या करितां आल्या नसत्या. भानजी रोज अंगणांतून फिरत, कोठें एखादा कागद उचलून पाहत, ठीक आहे म्हणत. तो एक कागद मात्र त्यांनीं पाहिला नाहीं. पाहावा ऐसें दहा वेळां मनांत आलें, परंतु रामाजीची नजर पाठीवर असे, आणि म्हातारा लेकीसाठीं जीव टाकितो ऐसें चार लोकांनीं म्हणावें, हें त्यांस सोसवत नव्हतें. नेकीची लाज ऐसीही असते.

मग कागद शिक्क्यास गेले. गाडे भरून रुमाल सदरेवर आणून रचले, आणि राजेसाहेब अभयरावांस मांडीवर घेऊन बसले होते, लेंकरूं त्यांच्या गळ्यांतील कंठा ओढीत होतें. राजेसाहेबांनीं ढिगाकडे पाहिलें आणि विचारिलें, 'यांत काय काय आहे?' भानजी म्हणाले, 'जुनें नांव खोडून नवें घातलें आहे, सरकार.' राजेसाहेब म्हणाले, 'सगळीकडे तेंच?' येथें भानजी थांबले. एका कागदांत तें नाहीं, एका कागदांत माफी आहे, तो निराळा काढून दाखवावा, ही रीत. पण माफी डेऱ्यांत आनंदाचे भरांत दिलेली, त्यास सहा महिने लोटले. आतां पुन्हां विषय काढिला आणि राजेसाहेबांनीं रेघेवर बोट ठेविलें तर? ढिगांतून निमूट शिक्का होऊन गेला तर बरें. भानजी म्हणाले, 'सगळीकडे तेंच.' चाळीस वर्षांत राजासमोर हें त्यांचें पहिलें खोटें. राजेसाहेब म्हणाले, 'मग एक एक काय पाहावयाचें? सगळें एकदम मान्य.' आणि शिक्केवाला शिक्का मारीत बसला तो हाताची आग होईपर्यंत मारीत होता, आणि भानजी शेजारीं उभे राहून मनांतल्या मनांत देवाचे उपकार मानीत होते.

शिक्का जाहलेला कागद थांबत नाहीं. त्याच दिवशीं थांबलेले हुकूम सुटले, आणि घाटाखालचा हुकूम, त्याचा रेघेसकट उतारा दफ्तरीं ठेवून, सरदार हणमाजीराव ढवळे यांजकडे जासुदाहातीं रवाना जाहला. दफ्तरांत शुद्ध नकला सुरू जाहल्या. नक्कल पुरी जाहली कीं एकानें मोठ्यानें वाचावी आणि दुसऱ्यानें ताडून पाहावी, ऐसी चाल. दफ्तरांत दिवसभर ऐसें वाचन चाले आणि कोणी कान देत नसे, देवळांतल्या घंटेसारखें तें नुसतें होत असे. भानजी खांबास टेकून पान लावीत होते. कारकून वाचूं लागला, 'मौजे अभयपूर व वरखोरी व शिळवणें हे गांव जाळून बेचिराग करावे.' भानजी म्हणाले, 'पुन्हां वाच.' त्यानें पुन्हां वाचिलें. भानजी म्हणाले, 'चुकतोस. पहिलें नांव नाहीं.' कारकून भीत भीत म्हणाला, 'आहे, पंत. रेघेखालचें गाळलें, वरचें घेतलें. रीतीप्रमाणेंच केलें.' पान तेथेंच पडलें. भानजींनीं कागद हातीं घेतला नाहीं, कोणास कांहीं सांगितलें नाहीं, अनवाणी पागेंत गेले आणि मिळेल त्या घोड्यावर बसले. पुष्कळ वर्षें त्यांस कोणी घोड्यावर पाहिलें नव्हतें. रस्त्यांत लोक पाहत राहिले.

जासूद तरणा होता आणि त्यास दोन दिवसांची चाल मिळाली होती. भानजी पडत-उठत घाट उतरले, तों खालीं ओढ्याकांठीं हणमाजीरावांची तुकडी परतीचे वाटेवर उतरलेली. घोडीं पाण्यांत उभीं होतीं, माणसें भाकरी खात होतीं. भानजींनीं तें पाहिलें आणि त्यांस सारें कळलें, तरी माणूस विचारितो. हणमाजीराव हात धुवून उठले आणि म्हणाले, 'या पंत. तुमी हिकडं कसं?' भानजी म्हणाले, 'तिन्ही?' हणमाजीराव म्हणाले, 'तिन्ही. अक्षर तुमचं, शिक्का सरकारचा. आमी शिपाई मानूस, आमी काय वाचनार? येक गोष्ट झाली खरी. अभयपुरास कुळकर्णी येशीत आडवा आला. कागद हातात घेतला नि म्हनाला, ही बघा रेघ, आमाला माफी हाय, माजं सासरं सोता सांगून गेलं. म्या थांबलो, पंत. खोटं बोलत न्हाई. सरकारच्या पोराच्या नांवाचा गांव जाळायचा, हे मलाबी इपरीत वाटलं. मग आमच्या लेखनिकानं पिशवीतनं आनिक कागद काढलं, चौकीचा, घाटाचा, रमन्याचा. समद्यांत नांवावर तीच रेघ नि वर त्योच ठसा. त्यो म्हनाला, ही तर नांव बदलल्याची रेघ, माफीची कुठली? कुळकर्ण्यानं समदं कागद वाचलं, नि मग त्यो गप झाला.' भानजी म्हणाले, 'आणि मग?' हणमाजीराव म्हणाले, 'हत्यार धरील असा पुरुष, म्हनून लिवलं होतं. त्यानं शेवटाला बैलगाडीचं दांडकं उचललं.' भानजींनीं विचारिलें, 'बायका?' तेव्हां हणमाजीराव कांहींसे दुखावून म्हणाले, 'बायांस्नी कुनी बोट लावलं न्हाई. लिवल्यापरीस जास्त आमी कदी केलं न्हाई.' निंबखोरी तेथून चार कोस राहिली. परंतु घोडा पुढें जाईना कीं भानजी पुढें जाईनात, हें त्या घोड्यासच ठाऊक. ते तेथूनच माघारे फिरले. लेक जिवंत असतां तिचे तोंडापुढें जाण्याची छाती जाहली नाहीं, हें बखरकारानें लपवूं नये.

राजधानीस चौकशी बसली. राजेसाहेब संतापले होते, परंतु संताप कोणावर टाकावा हें ठरत नव्हतें. सोनजीस पुढें ओढिलें, तो म्हणाला, 'आमाला पंतांनी सांगितलं, रेघ पाहू नका.' रामाजी म्हणाले याचा उजवा हात उतरवावा. भानजी म्हणाले, 'त्याचा काय दोष? मीं सांगितलें तें त्यानें केलें. आणि सगळीकडे तेंच आहे हेंही मींच सांगितलें, तें खोटें होतें. उतरावयाचा तर माझा हात उतरवावा.' हें ऐकून राजेसाहेब जास्तच संतापले, कारण भानजींचें खरें मानावें तर शिक्का चुकला ऐसें होतें. ते म्हणाले, 'शिक्का आमचा आहे. आमचा शिक्का न पाहतां पडला ऐसें लोकांत सांगावयाचें आहे काय?' मग रामाजी, ज्यांस कधींच युक्तीची तूट नव्हती, हलके बोलिले, 'उपाय सोपा आहे. हुकूम दफ्तरीं परत आला आहे. अभयपूर या नांवावर आज रेघ ओढावी आणि मागील मितीनें शिक्का करावा. म्हणजे गांवास पहिल्यापासून माफीच होती ऐसें होईल, आणि केलें तें सरदारानें हुकुमाबाहेर केलें. सरदारास ताकीद द्यावी.' राजेसाहेबांचा श्वास मोकळा जाहला. म्हणाले, 'भानजी, ओढ रेघ.' भानजींचे मनांत आलें कीं बोरू मोडावा आणि उठून जावें. पण त्या नांवावर एक रेघ, जी सहा महिन्यांमागें असावी म्हणून त्यांनीं जीव पाखडिला होता, ती आतां राजा मागत होता, आणि ही तरी नाहीं म्हटली तर त्या गांवास कागदावरही कोणी उरणार नव्हतें. त्यांनीं हिंगूळ खलला आणि रेघ ओढिली. ती सरळ आली. शिक्का लागलीच पडला.

शिक्का जाहलेला कागद गांवचे वेशींत नेऊन वाचावा, ऐकणारानें 'पावला' म्हणावें, आणि मग तो दफ्तरीं दाखल व्हावा, हीही तेथील रीत. जासूद कोणी जाईना. भानजी म्हणाले, मी जातों. ते गेले. वेस म्हणून दोन काळे दगड राहिले होते. पुरुष कोणी नव्हता. बायका होत्या, म्हाताऱ्या आणि तान्ह्या पोरांच्या आया, जळलेल्या घरांतून भांडीं उपसून एका झाडाखालीं जमवीत होत्या, आणि त्यांत बयाबाई होती. तिनें बापास पाहिलें आणि कामावरून उठली नाहीं. भानजींनीं कागद उघडला आणि वाचिला, मजकूर सारा, मिती आणि शिक्क्यासह. बायका ऐकत उभ्या राहिल्या. वाचून जाहल्यावर बयाबाई हात पुसून जवळ आली आणि म्हणाली, 'झालं वाचून? आता माझं ऐका. शिळवण्याचा धूर आदल्या दिवशीच दिसला होता. सगळ्यांनी गाड्या जुंपल्या होत्या. हे म्हणाले, रेघ असो नसो, चार दिवस रानात काढू. मी नाही म्हटलं. मी या वेशीत उभी राहून एकेकाला सांगितलं, माझ्या बाबांनी आपलं नांव खोडलंय, त्यांची रेघ फिरत नाही. मी बैल सोडायला लावले, बाबा. माझ्या शब्दावर सोडले त्यांनी.' भानजी म्हणाले, 'बयो, घरीं चल.' ती म्हणाली, 'या बायकांना कोणी थांबवलं होतं, त्यांना ठाऊक आहे. तरी त्यांनी मला काल भाकरी दिली. त्यांना सोडून तुमच्याकडे कशी येऊ?' भानजींनीं कागद पुढें केला. मग, चाळीस वर्षांची संवय ती काय, त्यांचे तोंडून निघून गेलें, 'कागद पावला ऐसें कोणी म्हटलें पाहिजे.' बयाबाईनें कागद त्यांचे हातून घेतला, ओसरीवर शिकली होती तैसी एकदां वरून खालीं वाचला, घडी केली आणि परत त्यांच्या हातांत दिला. म्हणाली, 'पावला. हा दफ्तरांत नेऊन ठेवा. तिथं आमचा गांव अजून आहे.'

एणेंप्रमाणें तो गांव माफ जाहला. पुढें राजेसाहेबांनीं नियम केला कीं रेघेखालचा शब्द पालटल्यास रेघ नव्या शब्दावरही न्यावी, आणि माफीची रेघ निळ्या शाईनें ओढावी. नियम चांगला आहे आणि अद्याप चालतो. हणमाजीरावांस ताकीद जाहली, ती त्यांनीं कोणाकडून तरी वाचून घेतली. भानजींनीं कागद दाखल केला, बोरू ठेविला आणि घाटाखालीं जाऊन वेशीबाहेर खोपटें घालून राहिले. बायकांचीं घरें उभीं राहत होतीं, तेथें ते दगड वाहून देत. बयाबाई त्यांस रोज भाकरी पाठवीत असे, दुसऱ्या कोणाहातीं.